खसखशीएवढी उघडी जागा

"तीन आठवड्यांत एकही स्क्रू बाद नाही! याला म्हणतात काम," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. टाळ्या पडल्या. घारताईंनी मान वर केली नाही. समोरची स्क्रूंची ताटली उगाच सरळ केली.

जबड्यात दाताचं मूळ म्हणून बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू या कारखान्यात तयार होत. त्यांच्यावर हाडाशी जुळणारा पातळ लेप चढवत. हाड त्या लेपाला घट्ट धरतं आणि वरचा दात पक्का बसतो. पण लेप कुठे खसखशीएवढा जरी सुटला, तरी तिथे पकड कच्ची राहते. अशी उघडी जागा सूक्ष्मदर्शकातून हुडकायची, हे एकोणीस वर्षं ताईंचं काम. नजर अशी, की सगळ्यांनी त्यांचं नावच घार ठेवलं होतं. घरी नवरा म्हणे, "हिला पाहिलं की तांदळातला खडा आपणहून बाहेर येतो."

दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा दिवा गेला, म्हणून त्या ताईंच्या जागी येऊन बसल्या. ताईंनी पास केलेली ताटली त्यांनी सहज भिंगाखाली धरली आणि एक स्क्रू चिमट्याने पुढे सरकवला.

"ताई, हा बघा. लेप सुटलाय."

ताईंनी डोळा लावला. त्यांना सगळं सारखंच दिसलं, धुरकट राखाडी.

"असू दे," बाई हळूच म्हणाल्या. "मी काढून ठेवते बाजूला. कुणाला पत्ता लागायचा नाही."

तीन आठवड्यांचा माल गोदामात बांधून तयार होता. चारला गाडी येणार होती. ताई साडेतीनला उठल्या आणि थेट साहेबांच्या खोलीत गेल्या.

"गाडी थांबवा, साहेब. माल काही सुधारलेला नाही. माझी नजर उतरलीय."

साहेबांनी आधी हसण्यावारी नेलं. मग ताईंचा चेहरा पाहिला आणि फोन उचलला.

गाडी रिकामी परत गेली. चौघीजणींनी दोन दिवस खपून खोका न् खोका उघडला. एकेचाळीस स्क्रू बाद निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईंना मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. समोर अहवालाचा कागद होता.

"ऑपरेशन झालं की या परत. खुर्ची तुमचीच आहे," ते म्हणाले. "आपली चूक कळल्या दिवशीच येऊन सांगायला छाती लागते, ताई. मी तसंच लिहिलंय." 'चूक लक्षात आली' यापुढे त्यांनी परवाची, गाडी थांबवल्या दिवसाची तारीख घातली आणि खाली सही केली.

ताई नमस्कार करून निघाल्या. दारापर्यंत पोचल्या. कडीवर हात ठेवून जराशा थांबल्या आणि मागे वळल्या.

"ती तारीख खोडा, साहेब. मला कळून तीन आठवडे झालेत."