लावलेली वीणा

"अहो, हिच्या तारा एकमेकींशी बोलतसुद्धा नाहीत!" मला राहवेना.

माझ्या गळ्यात वीणा अडकवताना बंकटकाका हसले. "ही वाजतेय म्हणजे गाव जागं आहे. सप्ताहभर खाली टेकवायची नाही, थांबवायची नाही. बाकी देवाला सगळं चालतं."

देवाला चालत असेल, मला चालेना. शहरात मी गाणं शिकवतो. एखाद्याचा षड्ज केसभर हलला तरी शिकवणी थांबवतो. आणि इथे, माझ्याच गावच्या देवळात, तार फाटक्या पत्र्यासारखी वाजतेय अन् माणसं डोळे मिटून डोलतायत! गाव जागं म्हणे! कान तर सगळ्यांचे झोपलेले.

काका जेवायला गेले. छेडणं न थांबवता मी खुंट्या पिळल्या, एकेक तार जुळवली. वीणा पहिल्यांदा खरी बोलली. गाभारा भरून गेला.

तेवढ्यात देवळामागच्या आमच्या घरातून वहिनी धावत आली. "भाऊजी, वीणा थांबली असं म्हणत आई अंथरुणातून उठायला बघतायत. गावात काही वाईट झालं का, विचारतायत."

"थांबली कुठे? ही काय, वाजतेय!"

"तेच सांगितलं त्यांना. म्हणतात, ही आपली नव्हे."

मी चिडून एक खुंटी उलटी फिरवली. मग दुसरी. तार ढिली झाली, कर्कश झाली, पण आईची होईना. सगळे सूर ओळखणाऱ्या माझ्या कानाला तेवढा एक सापडत नव्हता.