ड्रायव्हरचं जेवण झालं का?

चपला हातात घेऊन काका विमानाच्या दारात उभे होते आणि त्यांच्यामागे सगळी रांग खोळंबली होती.

"काका, चपला घाला. आणि उजवीकडे वळा," एअर होस्टेस म्हणाली.

काका डावीकडेच बघत होते. तिकडे एक बंद दार होतं.

"अहो, देऊळ नाही हे," मागून एका बाईंनी ऐकवलं. "सरका पुढे."

"माझ्यापुरतं आहेच समजा," असं पुटपुटत काका हलले.

योग असा, की तिसऱ्या रांगेत त्याच बाई शेजारी आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. काकांनी गडबडीत त्यांच्याच पट्ट्याचं टोक आपल्या कमरेला अडकवलं, तेव्हा बाईंनी ते ओढून घेतलं.

"पहिलीच वेळ?"

"हो. चौतीस वर्षं बस चालवली. असं मागं गप्प बसून जायची सवय नाही."

"आणि निघालात कुठे?"

"मुलीला भेटायला." काका हातातले कापसाचे बोळे चुरगळत राहिले. "सहा वर्षं बोललो नाही तिच्याशी."

बाईंनी मासिक मिटलं.

"मी स्थळ बघून ठेवलं होतं. ती म्हणाली, मला शिकायचंय. गेली. दर रविवारी फोन येतो. मी उचलतो आणि न बोलता तिच्या आईच्या हातात देतो. राग केव्हाच आटला हो. पण पहिला शब्दच सापडत नाही."

"येताय म्हणून कळवलंय तिला?"

"नाही. धीर सुटला तर तसाच माघारी जाईन. हेच विमान घ्या, असं तिच्या आईनं बजावलं, म्हणून घेतलं."

"बाप म्हणवता आणि लेकीला घाबरता," बाई म्हणाल्या. पण आवाज जरा उतरला होता.

विमान उडालं. काकांनी कापूस कानात खोचला. थोड्या वेळानं कॅप्टनची सूचना सुरू झाली, तसा त्यांनी तो घाईघाईनं उपसून काढला आणि कीर्तनात पुढे जागा मिळालेल्या माणसासारखे डोळे मिटून ऐकत राहिले.

"उंची न् हवामान सांगतात हो. त्यात एवढं काय? घाला तो कापूस, कान दुखतील."

"दुखू देत."

खाण्याचे डबे वाटून झाले. काकांनी आपला उघडलाही नाही. डोक्यावरचं बटण दाबलं. होस्टेस आली.

"काय हवंय, काका?"

"मला काही नको. पुढं ड्रायव्हरचं जेवण झालं का?"

दोन रांगा हसल्या. "पायलट म्हणतात, काका. होईल आता."

"उपाशीपोटी गाडी हाकली की डोकं धरतं. जरा बघता का?"

दहा मिनिटांनी पुन्हा बटण वाजलं.

"झालं, काका. डबा रिकामा परत आला."

"भाजीसकट?"

आता चार रांगा हसल्या. बाईंनी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र तेव्हा कुठे आपला डबा उघडला आणि निवांत जेवले.

हात धुवायला म्हणून ते उठले ते थेट पुढे गेले आणि त्या बंद दारासमोर उभे राहिले. ठोठावायला हात वर केला. तो बराच वेळ तसाच राहिला. होस्टेस धावतच आली.

"काका, तिथे जायचं नसतं. हात धुवायला इकडे." या वेळी ती हसत नव्हती.

"काकांना स्टिअरिंग धरायचंय," कुणीतरी मागून म्हणालं, आणि अर्धं विमान खिदळलं.

"चुकलो," काका म्हणाले. हात न धुताच जागेवर आले.

बाईंना राहवलं नाही. "मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वेळी मी विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावरून भलत्याचीच बॅग घरी नेली. उघडली तर आत तीन लंगोट आणि दाढीचा ब्रश. आमचे हे दोन दिवस माझ्याकडे बघत राहिले."

काका हसले. हसता हसता डोळे पुसले.

विमान खाली येऊ लागलं. बाई आता सुनेविषयी सांगू लागल्या होत्या.

"आता बोलू नका. उतार लागला."

"आपण बोलल्यानं तिकडे काय होणार?"

"माझ्या डोक्यावर पाटी असायची, चालकाशी बोलू नये. लोक बोलायचेच." काकांचा उजवा पाय खाली घट्ट दाबलेला होता. चाकं टेकली, वेग ओसरला, विमान थांबलं, तेव्हाच तो सैल झाला.

माणसं उतरू लागली. बाई बॅग घेऊन उभ्या राहिल्या. "इतक्या लांब आलात, आता माघारी फिरू नका. भेटा तिला."

"तुम्ही व्हा पुढं."

विमान रिकामं झालं. काका बसूनच होते.

"काका, सगळे उतरले. चाकाची खुर्ची मागवू?"

"नको. पाचच मिनिटं."

"थांबता नाही येत, काका. झाडलोट करणारी माणसं खोळंबलीत."

काका उठले. एकेका खुर्चीची पाठ धरत दारापर्यंत आले. एकदा पुढे बघितलं, मान खाली घातली आणि उतरायला वळले.

तेवढ्यात ते बंद दार आतून उघडलं. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. टोपी घालायला वर गेलेला हात वरच थांबला.

"कॅप्टन, हेच ते काका," होस्टेस म्हणाली. "तुमच्या जेवणाची चौकशी करणारे."

मग काकांनी घसा खाकरला.

"गाडी अगदी अलगद टेकवलीस गं, पोरी."