जागता फोरमन

"खुब्याचा सांधा बदलताना पूर्ण भूल देऊ, की फक्त कमरेखाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमरेखालीच! रात्रपाळीला कधी पापणी लवू दिली नाही मी," पिंपरीच्या कारखान्यातले निवृत्त फोरमन उद्धवराव गरजले.

ऑपरेशननंतर धोंडीबा भेटायला आला. लेथवर पेंगताना पकडून उद्धवरावांनी त्याला एकदा मेमो दिला होता. तेवढ्यात डॉक्टर आले. "काका, आम्ही हातोडी ठोकत होतो आणि तुम्ही खुशाल घोरत होता!"

"छे हो! डोळे मिटून आवाज ऐकत होतो," उद्धवराव बोलून गेले. मग धोंडीबाकडे पाहून ओशाळले आणि टाके दुखेपर्यंत स्वतःलाच हसत सुटले.

धोंडीबा म्हणाला, "साहेब, मीबी तवा ह्येच सांगत हुतो."