सोयऱ्यांचं पान

माणसानं आयुष्यात एकदा तरी निर्भीडपणे सगळं खरं लिहून ठेवावं, असं सहदेवरावांचं ठाम मत होतं. त्यांनी लिहून ठेवलंही होतं. फक्त ते स्वतःबद्दल नव्हतं, होणाऱ्या व्याह्यांबद्दल होतं. आणि मंगळवारी सकाळी, गालाला साबण लावलेला असताना, त्यांना आठवलं की आपण ते व्याह्यांच्याच घरी पोचवलं आहे.

"अहो, साबन वाळून राहिला," रागिणीबाई म्हणाल्या.

"सोयऱ्यांचं पान," सहदेवराव म्हणाले. "काढायचं राहिलं."

अमरावतीच्या कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या सहदेवरावांनी निवृत्तीनंतर कम्प्युटरवर 'गृहकोश' नावाचा घरगुती विकी मांडला होता. दर नातेवाइकाला एक पान, पानातून पानात जायला दुवे. सोयऱ्यांच्या पानावर वर गोड परिचय होता आणि खाली एक चौकट. चौकटीतला मजकूर पानात नव्हताच. पानात नुसता पत्ता होता : डी ड्राइव्ह, 'खासगी' फोल्डर, 'मनातलं' नावाची फाईल. त्या पत्त्यावर जे सापडेल ते चौकट उचलून दाखवायची. ही युक्ती कुंदनची. कुंदन अकोल्यात कम्प्युटर विकायचा, बसवून द्यायचा. त्याची दोन्ही घरी ऊठबस, त्यामुळे ही सोयरीकही त्यानंच बसवून दिली होती.

'मनातलं'मध्ये सहदेवरावांनी लिहिलं होतं : 'केशवराव. मिशी रंगवलेली. आपल्या शेतकी मालाच्या दुकानातल्या फवारणी पंपासारखे बोलतात. दांडा सोडला तरी पाच मिनिटं सुरूच.'

शुक्रवारी केशवरावांचा शेखर, म्हणजे होणारा जावई, घरी आला, तेव्हा कौतुकाच्या भरात सहदेवरावांनी अख्खा गृहकोश त्याला पेनड्राइव्हवर भरून दिला होता.

"तुमाले कोनं सांगतलं होतं लोकाइचं लिहाले?" रागिणीबाई म्हणाल्या. "रविवारी साक्षगंध हाय पोरीचं. मोडलं तं प्रतीक्षा तोंड तरी पाहीन काय तुमचं?"

तसंही साखरपुड्याआधीच ते मोडायला टेकलं होतं. लग्न अकोल्यात आणि माणूस तीन हजार, असं केशवरावांचं म्हणणं. अमरावतीत आणि तीनशे, असं सहदेवरावांचं. महिनाभर फोनवर हेच चाललं होतं.

मूर्तिजापूर येईपर्यंत बसमध्ये सहदेवरावांनी माफीचे तीन मसुदे तयार केले. पहिल्यात तो मजकूर दुसऱ्याच कोणा केशवरावांबद्दल होता. दुसऱ्यात व्हायरस होता. तिसऱ्यात सरळ पाय धरायचे होते.

अकोल्यात दार केशवरावांनीच उघडलं. एरवी 'बोला' म्हणून स्वतःच तासभर बोलणारा माणूस. आज नुसतं "या" म्हणाला. त्यांच्या पत्नी शकुनबाई पाणी ठेवून वर न बघता आत गेल्या.

"तुमी येसान, वाटलंच होतं," केशवराव म्हणाले.

"वाचलं तुम्ही?"

"शब्द न् शब्द वाचला. पेनड्राइव्ह मीच लावला होता, शेखरले दाखोलं नाई."

सहदेवरावांनी तिसरा मसुदा काढला. ते गुडघे दुमडायच्या बेतात होते, तेवढ्यात केशवरावांनीच हात जोडले.

"चूक आमची हाय, साहेब. माफ करा."

"तुमची?"

"मंग कोनाची? असं समोर मांडेल दिसलं, तवा समजलं आपन किती हलके हाओ. तुमाले हे कसं काय कळलं, मी इचारत नाई. पन कळलं बा!"

"निरीक्षण," सहदेवराव विनयानं म्हणाले. "ग्रंथालयात राहून माणसं वाचायची सवय लागते."

"आन् राग नाई धरला तुमी. उलट सोताच्या पुस्तकात घालून आमच्या घरी धाडलं. एवढं मोठं मन आमच्या खानदानात कोनाचं नाई." केशवरावांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. "लगन अमरावतीतच करू. तीनशे म्हंजे तीनशे."

सहदेवरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. महिनाभर फोनवर भांडून जे झालं नाही, ते तीन खऱ्या वाक्यांनी केलं होतं. त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले, तर्री मागून घेतली, आणि अंगणात जाऊन रागिणीबाईंना फोन लावला.

"अवं माय! काय झालं?" तिकडून घाबरा आवाज आला.

"सुधारले."

"कोन?"

"केशवराव. लग्न अमरावतीत. तू हॉल बघ."

आत आल्यावर केशवराव म्हणाले, "एक इनंती होती. ते लिहेलं तेवढं तुमच्या हातानं काढून टाका. पोराइच्या नजरेस पडाले नोको." त्यांनी आतल्या खोलीतला कम्प्युटर दाखवला आणि स्वतः दाराबाहेरच थांबले. "मले पुन्हा पाहवत नाई ते."

कम्प्युटर कुंदननंच बसवलेला. तोच नारळाच्या झाडांचा फोटो, तोच डी ड्राइव्ह, त्यात 'खासगी', त्यात 'मनातलं'. कुंदन प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळं एकाच साच्यातून काढून देत असे. सहदेवरावांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

पुसण्याआधी आपला उतारा एकदा वाचावा, असा मोह त्यांना झाला. एवढा परिणाम त्यांच्या लेखणीनं पूर्वी कधी केला नव्हता. त्यांनी सोयऱ्यांचं पान उघडलं. चौकट भरलेली होती.

'सहदेवराव. लय चिक्कट. चहात दूध फक्त दाखवाले. पुस्तकं सांभाळून कोनी इद्वान होत असन, तं आमच्या गोदामातले उंदीर शेतकी अधिकारी झाले असते. पोरगी लाखाची हाय, म्हनून बुढ्याले सोसाचं.'

त्याखाली, गृहकोशाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी असते ती ओळ होती : 'वरील मजकूर संपादक सहदेवराव यांनी स्वतः तपासला असून तो बिनचूक आहे.'