म्हाताऱ्याचा मुक्काम

“हे म्हातारं आणखी किती दिवस सांभाळायचं आपण?” मुलीनं विचारलं.

सल्लागार दचकला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे बाबाच बसले होते, चौऱ्याहत्तर वर्षांचे. पण बाबा शांतपणे चहा पीत होते. कंपनीत त्या जुन्या संगणकाला सगळेच म्हातारं म्हणत, हे सल्लागाराला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनी लिफ्टच्या देखभालीची. शहरातल्या दोन हजारांवर लिफ्ट त्यांच्याकडे. कोणती कधी तपासायची, कुठल्या दोराला किती वर्षं झाली, सगळं म्हाताऱ्याच्या पोटात. रोज सकाळी सातला याद्या निघत, मेकॅनिकांच्या फोनवर जात आणि माणसं कामाला लागत. हा सगळा प्रोग्रॅम बाबांनी स्वतः लिहिलेला, एकतीस वर्षांपूर्वी. कारभार आता मुलीकडे होता, पण म्हाताऱ्याच्या बाबतीत शेवटचा शब्द बाबांचाच.

मुलीला सगळं क्लाउडवर न्यायचं होतं. सल्लागाराला तिनंच बोलावलं होतं.

“आपला धंदाच लोकांना वर न्यायचा,” ती म्हणाली, “आणि आपला डेटा मात्र तळमजल्यावर, कुलपात.”

“कुलपात आहे म्हणून माझा आहे. दुसऱ्याच्या घरात आपलं सामान ठेवायची मला सवय नाही.”

“बाबा, बँकेत पैसे ठेवताच ना?”

“नाइलाजानं.”

भिंतीकडच्या खुर्चीत ताई बसल्या होत्या. म्हाताऱ्याच्या खोलीची किल्ली अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडे होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मुलीनं आदल्या दिवशी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. यंत्र गेलं की ती खोली मीटिंगला घेणार, आणि मग तुमच्यासाठी काम उरत नाही. सांगताना तिला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून निर्णय फिरवायचे असतील तर धंद्यात पडू नये, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

ताई तिथून थेट घरी गेल्या नाहीत. तासभर त्या बाबांच्या केबिनमध्ये बसून होत्या. मुलीनं ते काचेतून पाहिलं आणि आज काय होणार ते ओळखलं.

“यंत्र एकदा बघायला मिळेल का?” सल्लागारानं विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले.

“पाच मिनिटं फक्त.”

“डॉक्टरला दाखवलं की आजार निघतोच. माझ्या म्हाताऱ्याला काही झालेलं नाही.”

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. सल्लागार बिचारा दोघांच्या कात्रीत सापडला होता. त्यानं ताईंची बिघाडांची वही पुढ्यात ओढली.

“एक गंमत आहे,” तो म्हणाला. “पूर्वी हे यंत्र महिन्यातून एकदा तरी बंद पडायचं. गेल्या चार वर्षांत एकदाही नाही. वय झाल्यावर यंत्रं अशी सुधारत नाहीत.”

“मुरलंय ते.”

“गेल्या वर्षी या इमारतीत दोन दिवस वीज नव्हती. तरी याद्या सातला गेल्या?”

“बॅटरी,” ताई म्हणाल्या. अख्ख्या बैठकीत त्या एवढंच बोलल्या.

मुलगी उठून उभी राहिली. “आणि उद्या ते बसलं तर? एखादा झिजलेला दोर तपासायचा राहून गेला तर? लिफ्टमध्ये माणसं असतात, बाबा!”

बाबांनी कप खाली ठेवला. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. “चार वर्षांत एकही राहिला नाही,” ते म्हणाले. “पुढेही राहणार नाही. माझा शब्द आहे.”

सल्लागारानं वही पुन्हा चाळली. वहीत खरंच बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यानं पैसे घेऊन शहाणी माणसं देतात तसा सल्ला दिला. क्लाउडवर जायचंच, पण घाई करायचं कारण नाही. इतकी जुनी व्यवस्था हलवताना गोंधळ होऊ शकतो, आणि ती अंतर्बाह्य कळणारी माणसं दोनच. ताई आहेत तोवर नीट तयारी करावी, त्या निवृत्त झाल्या की हलवावं.

“दोन वर्षं,” मुलगी बाबांना म्हणाली. “पुढे एक दिवस ऐकणार नाही.”

“बघू.”

“बघू नाही. हो म्हणा.”

“हो बाई, हो.”

तिनं कागद गोळा केले. दाराशी पोचल्यावर मात्र तिला राहवलं नाही. “सगळं जग पुढे गेलं, बाबा. तुम्हीच तेवढे मागे राहिलात. लोक हसतात आपल्याला.”

बाबा मान खाली घालून बसून राहिले. “जुनं खोड,” ते सल्लागाराला म्हणाले, “आता काय वाकणार?” सल्लागार ओशाळून हसला आणि तिच्या मागोमाग गेला.

ताईंनी खाली येऊन खोलीचं कुलूप काढलं. पाठोपाठ बाबा आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“माझ्यापायी तुम्ही नको ते ऐकून घेता, साहेब,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“पोटच्या पोरीच्या बोलण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. तुमची दोन वर्षं निघाली, झालं तर मग.” बाबा खुर्चीत टेकले. “फक्त एक सांभाळा, ताई. म्हातारं चार वर्षांपूर्वीच ढगात गेलंय आणि त्याला मीच पोचवून आलोय, हे तिला कळू देऊ नका.”