आधी येणारा घुमारा

इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रेमानंदचा छोटा स्टुडिओ आहे. खालची ठोकपीट वर येऊ नये म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली.

नंदिनीनं आईच्या गाण्याचं रेकॉर्डिंग आणलं होतं. आई, प्रेमिलाबाई, गेली तेव्हा शेवटचं कडवं गायचं राहूनच गेलं. होतं तेवढं गाणं नंदिनीला आईच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनाला लावायचं होतं, आणि आवाजामागचा घुमारा आईला आवडायचा तोच हवा होता.

तो घुमारा देणारा प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरमधला छोटा प्रोग्रॅम, जुना. नव्या कॉम्प्युटरनं जुन्या प्रोसेसरचं सोंग घेतलं, तेव्हा कुठे तो चालला.

पण घुमारा आधी आला. श्वासभर थांबून मागून आईचा आवाज आला.

"हे उलटं काहून वाजून राहिलं, भाऊ?"

"नवी सून अन् जुनी सासू, ताई. जमून नाही राहिलं दोघींचं."

प्रेमानंदनं सगळी सेटिंग बदलून पाहिली. तरी प्रत्येक ओळीला घुमारा पुढे आणि आई मागे.

दुसरं कडवं संपलं. रेकॉर्डिंगही तिथंच संपलं.

घुमारा मात्र पुढचं कडवं म्हणू लागला. आईच्याच गळ्यातला, जात्यातून पीठ झरावं तसा मऊ.

"बंद कर गा," नंदिनी म्हणाली.

"केलं ना, ताई. केव्हाचं."

शेवटच्या कडव्यात गाणारी आपलं नाव गुंफते. नंदिनी नकळत त्या नावाची वाट पाहू लागली.

नाव आलं. ते नंदिनीचं होतं.

त्या घुमाऱ्यामागचा आवाज अजून यायचा होता.