शर्यतीआधीचं गाऱ्हाणं

"मास्तर, माझं पत्र मिळालं ना?" शाळाखात्याच्या डिपुटी साहेबांनी विचारलं.

"मिळालं, साहेब," उमाजी मास्तर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून नारळ काढला.

नव्या बादशहाच्या राज्यारोहणाचे खेळ होते. सुप्याला नदीकाठच्या मैदानावर चार शाळांची पोरं जमली होती. पत्रात साहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं, शाळा सगळ्यांची आहे, खेळाच्या वेळी मास्तरांनी देवाधर्माचं काही करू नये, केल्यास नोकरी राहणार नाही. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्यांचं डोकं फिरलं. त्यांच्या घरात देवाला गाऱ्हाणं घालून राखण मागितल्याशिवाय कुणी भाताला कोयता लावला नव्हता. इथं तर अनवाणी पोरं जिवाच्या आकांतानं पळणार! दोन सालांमागं घाईत गाऱ्हाणं राहून गेलं, तर एकाचा पाय मोडला होता. नोकरी गेली तर गेली.

मास्तरांच्या शाळेची पोरं रांगेत उभी राहिली. मास्तरांनी खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ही लेकरं आज पळायला उभी हायत!"

"व्हय म्हाराजा!" पोरं एका सुरात ओरडली.

"कुनाच्या पायात काटा भरू देऊ नगो!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बस्त्यावचा. अणशीकडच्या जंगलातला हा सिद्दी ख्रिस्ती पोरगा. पळण्यात त्याचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. त्याची डावी मूठ नेहमीसारखी घट्ट वळलेली होती. पोराला केवढी ईर्षा, म्हणून मास्तरांना त्या मुठीचं भारी कौतुक.

साहेब पुढं आले. "थांबा. ही मुलं मनानं म्हणतात, की तुम्ही म्हणवून घेता?"

मास्तर तापले. "एकाला बी जबरदस्ती न्हाई, साहेब. ह्यो बस्त्याव बघा. ह्येचा देव येगळा, तरी बी ह्येचाच आवाज मोठा. इचारा त्येलाच!"

साहेबांनी विचारलं. बस्त्याव मास्तरांकडं बघत राहिला.

"खरं सांग रं. भिऊ नगो," मास्तर छाती पुढं काढून म्हणाले.

"मोठ्यानं म्हटलं न्हाई, तर मास्तर पळाय घेत न्हाईत."

"मी? मी कवा म्हटलं आसं?"

"तुमी म्हटलं न्हाई. पर गेल्या साली म्हादू व्हय म्हणाला न्हाई, तर तुमी त्येला हाताला धरून रांगंतनं भायर काढलं."

म्हादूला त्या दिवशी सणकून ताप होता. म्हणूनच त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि म्हणूनच मास्तरांनी त्याला सावलीला नेऊन बसवलं होतं. हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. मग रांगेकडं पाहिलं आणि मिटलं. सगळी पोरं खाली मान घालून उभी होती. सगळी तेच धरून चालली होती, वर्षभर. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मूठ उघड, बाळा," ते म्हणाले.

तळहातावर काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस होता, घामानं भिजलेला. गाऱ्हाण्याच्या आधी बस्त्याव तो दर वेळी गळ्यातून काढून लपवत आला होता.

मास्तरांनी नारळ काखेत धरला आणि खाली वाकून तो दोरा त्याच्या गळ्यात पुन्हा बांधला. "पळताना हात मोकळं पायजेत," ते म्हणाले. मग ते साहेबांकडं वळले. "नारळ मी फोडणारच, साहेब. तुमाला काय लिवायचं ते लिवा. पर पोरांस्नी मधी घेणार न्हाई."

मैदानाच्या कडेला आंब्याचं झाड होतं. सगळ्यांच्या देखत मास्तर एकटेच तिथं गेले. पोरांकडं पाठ करून त्यांनी राहिलेलं गाऱ्हाणं घातलं, आधी म्हादूच्या नावानं, मग बस्त्यावच्या. आणि दर मागण्यानंतर थोडं थांबून "व्हय म्हाराजा" ते स्वतःच म्हणाले.